‘इदकून’ला हो म्हणण्याआधी



गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी संध्याकाळी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. ती दिमोनाला राहते, वय ८१. आवाज घाबरलेला. “अरे, मखशेव उघडत नाही. निळा पडदा आलाय आणि ४८ आकडे मागतोय. मी कुठून आणू ४८ आकडे?”

मी विचारलं, “त्याआधी काय केलंस?”

“तूच सांगितलं होतंस ना, इदकून आलं की हो म्हणत जा. मी हो म्हटलं. बायोस का काहीतरी होतं. मग तो बंद झाला, परत चालू झाला, आणि आता हे.”

चूक माझीच होती. हो म्हण एवढंच मी तिला सांगितलं होतं. हो म्हणण्याआधी काय करून ठेवायचं ते सांगितलंच नव्हतं. आणि आक्काच्या त्या लॅपटॉपमध्ये काय होतं ते मला ठाऊक होतं. वडिलांची अलिबागची जुनी पत्रं तिने एक एक करून स्कॅन केलेली. आणि आमच्या आईचा आवाज, कॅसेटवरून उतरवून घेतलेला. कॅसेट तर केव्हाच खराब झाली. आक्काने फोनवर एकच प्रश्न विचारला, “म्हणजे आईचा आवाज गेला का रे?” त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या दिवसानंतर आपल्या ओळखीतल्या पुष्कळ लोकांनी मला विचारलं की हे बायोसचं, फर्मवेअरचं इदकून असतं तरी काय, आणि ते करावं की नाही. मी काही मोठा इंजिनिअर नाही. सत्तावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीच्या खात्यात काम करून निवृत्त झालो. तरी जेवढं समजतं तेवढं साध्या भाषेत लिहितो.

चिपमध्येसुद्धा चूक असते

कॉम्प्युटरचा प्रोसेसर म्हणजे त्याचं डोकं. बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर आज कोट्यवधी बारीक स्विच असतात. इतकं मोठं काम माणसं करतात, म्हणजे त्यात चूक राहणारच. आपण घेतलेल्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये काही ना काही चुका असतात, आणि बनवणारी कंपनी त्यांची यादी स्वतःच छापते. बहुतेक चुका इतक्या किरकोळ की आपल्याला आयुष्यात कधी त्या जाणवणार नाहीत. पण एखादी जड जाते.

१९९४ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की इंटेलच्या नव्या पेंटियम चिपवर भागाकार कधीकधी चुकतो. एक उदाहरण तेव्हा फार गाजलं. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की उत्तर १.३३३८ च्या आसपास यायला हवं. पेंटियम १.३३३७ दाखवत होता. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता कोरलेला होता, त्यातल्या पाच जागा रिकाम्या राहून गेल्या होत्या.

आता कोरलेलं ते कोरलेलं. तेव्हा दुरुस्तीचा मार्गच नव्हता. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलला जाहीर करावं लागलं की जो मागेल त्याला चिप बदलून देऊ. त्यापायी कंपनीला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भुर्दंड पडला.

पुढच्याच वर्षी आलेल्या पेंटियम प्रो या चिपमध्ये इंटेलने एक सोय ठेवली. ती सोय समजली की आजचा सगळा विषय समजतो. आपल्या लहानपणी पुस्तक छापून झालं आणि मग चुका सापडल्या, तर काय करायचे? पुस्तक परत कोण छापणार? एक छोटा कागद छापून आत घालायचे. वर लिहिलेलं असायचं शुद्धिपत्र. पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध हे, शुद्ध हे. चिपचं तसंच केलं. चिपच्या आत तिच्या कामाच्या काही बारीक सूचना लिहिलेल्या असतात, त्यांना मायक्रोकोड म्हणतात. आत थोडी जागा मोकळी ठेवली, आणि त्या जागेत दुरुस्त केलेल्या सूचना बाहेरून घालता येतील अशी व्यवस्था केली. हे आपलं शुद्धिपत्र.

पण यात एक गंमत आहे. कॉम्प्युटर बंद केला की चिपमधलं हे शुद्धिपत्र पुसून जातं. म्हणून रोज सकाळी मशीन चालू करताना ते परत घालावं लागतं. हे काम दोन जण करू शकतात. एक, बायोस. बायोस म्हणजे मदरबोर्डवर एका वेगळ्या लहान चिपमध्ये ठेवलेला कायमचा प्रोग्रॅम. बटण दाबल्याबरोबर सर्वांत आधी तो उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. अशा मशीनच्याच अंगात बसवलेल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. दुसरा, विंडोज किंवा लिनक्स, जो बायोसनंतर उठतो. म्हणून काही दुरुस्त्या विंडोजच्या नेहमीच्या अपडेटमधून गुपचूप येतात आणि आपल्याला कळतही नाही. आणि काही दुरुस्त्यांसाठी बायोसच नवा घालावा लागतो. आक्काच्या घरी जे झालं ते ह्या दुसऱ्या प्रकारात झालं.

इराणी हॉटेलातला पोऱ्या

आता तुम्ही म्हणाल, भागाकार चुकला तर समजलं. पण ही सुरक्षेची भानगड काय आहे?

आम्ही भायखळ्याला राहत होतो तेव्हा कोपऱ्यावर एक इराणी हॉटेल होतं. माझे वडील कामावर जाताना तिथे थांबत. ते दारात दिसले की पोऱ्या न विचारता ब्रून मस्का आणि पानी कम चहा टेबलावर आणून ठेवी. वेळ वाचायचा. एखाद्या दिवशी वडील म्हणत, “आज नको.” मग पोऱ्या कप उचलून परत नेई. बिलात काही नाही. जणू चहा आलाच नव्हता. पण टेबलावर कपाची ओली गोल खूण राहायची. पाठोपाठ कोणी त्या टेबलाशी आला तर त्याला कळायचं की इथे आत्ताच चहा येऊन गेला.

आजचे प्रोसेसर अगदी असंच करतात. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते काम आधीच करून ठेवतात. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला. चुकला तर केलेलं काम टाकून देतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कॉम्प्युटर इतके जलद झाले त्यात या अंदाजाचा मोठा वाटा आहे.

पण टाकून दिलेल्या कामाची ओली खूण मागे राहते. चिपच्या आत जवळच एक लहान कपाट असतं, त्याला कॅश म्हणतात. नुकतीच आणलेली वस्तू त्या कपाटात असते, म्हणून ती परत मागितली तर पटकन मिळते. कपाटात नसलेली उशिरा मिळते. लबाड प्रोग्रॅम नुसता वेळ मोजतो आणि त्यावरून ओळखतो की मघाशी काय आणलं होतं. एवढंच नाही. तो चिपला मुद्दाम चुकीचा अंदाज बांधायला लावतो, म्हणजे जी वस्तू त्याला बघायची परवानगी नाही ती चिप स्वतःच क्षणभर बाहेर काढते. एखादा पासवर्ड, एखादी गुप्त किल्ली. अशा रीतीने थोडं थोडं करून तो ती वाचू शकतो.

३ जानेवारी २०१८ रोजी हे जगापुढे आलं. दोन नावं दिली गेली, मेल्टडाऊन आणि स्पेक्टर. गूगलच्या एका पथकाने आणि ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथल्या तंत्र विद्यापीठासह इतर ठिकाणच्या संशोधकांनी ते स्वतंत्रपणे शोधलं होतं. मेल्टडाऊनचा फटका मुख्यतः इंटेलच्या चिपना होता. स्पेक्टरमध्ये इंटेल, एएमडी आणि फोनमध्ये असतात त्या आर्म जातीच्या चिपसुद्धा आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फोरशॅडो नावाची आणखी एक फट जाहीर झाली. ती शोधणाऱ्यांत आपल्या हैफाच्या तेक्नियोनचे लोक होते. हैफाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, १९७४ साली इंटेलने अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं संशोधन केंद्र तिथेच उघडलं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये जी ८०८८ चिप होती, तिचं काम हैफातच झालं. म्हणजे चिप बनवणारेही इथले, आणि चिपमधली फट शोधणारेही इथले. मला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. चूक झाकून ठेवणाऱ्यापेक्षा शोधणारा घरात असलेला बरा.

मेल्टडाऊनचा इलाज मुख्यतः विंडोज, लिनक्स, मॅक यांच्यात बदल करून झाला. स्पेक्टरच्या एका प्रकाराला मात्र चिपलाच नव्या सूचना, म्हणजे नवं शुद्धिपत्र द्यावं लागलं. त्यानंतर अशा फटी दर एक-दोन वर्षांनी सापडत आहेत. २०२३ मध्ये एएमडीच्या झेन २ घराण्यात झेनब्लीड सापडली आणि त्याच उन्हाळ्यात इंटेलच्या कित्येक चिपमध्ये डाऊनफॉल. दोन्हींना मायक्रोकोडचीच दुरुस्ती.

खरं तेच सांगतो. आपल्यासारख्या निवृत्त माणसाचं खातं रिकामं करायला चोर सहसा एवढी कसरत करत नाही. तो फोन करतो, नाहीतर खोटी लिंक पाठवतो. त्यामुळे आज रात्री झोपण्याआधी बायोस बदललाच पाहिजे अशी घाई नाही. पण दुरुस्ती फुकट मिळते, आणि दार उघडं आहे हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. मग कडी लावलेली बरी.

एक चूक अशी, की जी चिप झिजवते

२०२४ मध्ये वेगळाच प्रकार समोर आला. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरांच्या काही चिप चालता चालता अडखळू लागल्या. प्रोग्रॅम बंद पडायचे, खेळ मध्येच थांबायचे, निळा पडदा यायचा. शोध घेतल्यावर कळलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे चिप स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, आणि त्या जास्त दाबाने ती हळूहळू झिजत होती.

ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्त मायक्रोकोड आले, आणि ते मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी नव्या बायोसमधून दिले. पण लक्षात ठेवा, शुद्धिपत्राने पुढची झीज थांबते. झालेली झीज भरून येत नाही. ज्याची चिप आधीच खराब झाली त्याला चिपच बदलावी लागते. त्यासाठी इंटेलने या चिपची हमी दोन वर्षांनी वाढवली.

लॅपटॉपच्या चिपबद्दल इंटेलचं म्हणणं असं की त्यांना हा त्रास नाही. पण नातवंडांचा खेळण्याचा मोठा कॉम्प्युटर घरात असेल, आणि तो २०२२ च्या शेवटानंतर घेतलेला असेल, तर त्याला एकदा विचारा, “तुझी चिप कितव्या पिढीची? बायोस नवा केलास का?” पोरगं चकित होईल की आजोबांना हे कसं ठाऊक.

हो म्हणण्याआधी काय करायचं

आता कामाचं बोलू. हे मी आक्काला आधी सांगायला हवं होतं, ते तुम्हाला सांगतो.

पहिलं, मशीन ओळखा. कीबोर्डवर विंडोजचं चौकोनी चिन्ह असलेली कळ आणि आर एकदम दाबा. लहान चौकट उघडेल. तिथे एमएसइन्फो३२ असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता, टाइप करा आणि एंटर दाबा. एक यादी येते. त्यात कॉम्प्युटरचं मॉडेल, प्रोसेसरचं नाव आणि बायोसची आवृत्ती व तारीख असते. फोनने त्याचा फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर हीच तारीख बदलली का ते बघायचं आहे.

दुसरं, जे गमावून चालणार नाही ते दुसरीकडे उतरवून घ्या. फोटो, पत्रं, आवाज, पेन्शनचे आणि बितुआह लेउमीचे कागद. एक बाहेरची डिस्क घ्या, उतरवा, आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. मशीनला जोडून ठेवलेली डिस्क मशीनबरोबरच बिघडू शकते.

तिसरं, ते ४८ आकडे. हे सर्वांत महत्त्वाचं. आजकालचे पुष्कळ विंडोज लॅपटॉप आतली डिस्क कुलूपबंद करून ठेवतात. त्याला बिटलॉकर म्हणतात. मायक्रोसॉफ्टचं खातं वापरून लॅपटॉप सुरू केला असेल तर हे कुलूप आपल्याला न विचारताही लागलेलं असतं. रोज ते आपोआप उघडतं म्हणून जाणवत नाही. पण बायोस बदलला की कुलपाला वाटतं, हे मशीन ओळखीचं दिसत नाही, कोणी चोर तर नाही? मग ते मूळ किल्ली मागतं. ही किल्ली म्हणजे ४८ आकडे, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती बहुतेक करून आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या खात्यात शिरा, आपल्या डिव्हायसेसच्या यादीत हे मशीन शोधा, आणि तिथे रिकव्हरी की बघा. एकाहून जास्त किल्ल्या दिसल्या तर घाबरू नका. निळ्या पडद्यावर किल्लीचा ओळखक्रमांक दिलेला असतो, तो जुळवायचा. हे आकडे कागदावर लिहा. परत एकदा ताडून पाहा. आणि तो कागद पासपोर्टजवळ ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नाही.

आणि खातं कोणाच्या नावाचं आहे, त्याचा संदेश कोणाच्या फोनवर जातो, हे आजच बघा. पुष्कळांच्या घरी खातं मुलाने नाहीतर नातवाने उघडून दिलेलं असतं. तो गेला परदेशात, की किल्लीही त्याच्याबरोबर गेली.

चौथं, वीज. लॅपटॉप चार्जरला लावा आणि बॅटरीही भरलेली ठेवा. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर अर्धा जुना, अर्धा नवा अशी अवस्था होते, आणि मशीन उठतच नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरला बॅटरी नसते, म्हणून वादळ-पावसाच्या दिवशी हे काम काढू नका.

पाचवं, दिवस. शुक्रवारी दुपारी तर मुळीच नको. काही अडलं तर शब्बाथ संपेपर्यंत कोणाला विचारता येणार नाही, दुकानंही बंद. रविवारी किंवा सोमवारी सकाळी, चहा झाल्यावर बसा.

आता इदकून कुठून घ्यायचं? आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडा आणि जे आहे ते होऊ द्या. मग तिथेच पुढच्या पर्यायांत ऑप्शनल अपडेट बघा, कधी फर्मवेअर तिथे असतं. नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो, लेनोवोचा व्हँटेज, एचपीचा सपोर्ट असिस्टंट, डेलचा सपोर्ट असिस्ट. तो आपलं मॉडेल ओळखून बरोबर तोच बायोस देतो. दुसऱ्या कुठल्या जागेवरून बायोस उतरवून घेऊ नका. जवळजवळ तसाच दिसणारा दुसऱ्या मॉडेलचा बायोस घातला तर मशीन कायमचं बंद पडू शकतं. आणि घरी जोडून बनवलेला कॉम्प्युटर असेल तर एकट्याने हात लावू नका. जाणत्या मुलाला नाहीतर तेखनाईला शेजारी बसवा.

काम सुरू झालं की पडदा काळा होईल. पंखा जोरात फिरेल. मशीन दोन-तीन वेळा बंद-चालू होईल. आपल्याला वाटेल गेलं सगळं. नाही गेलं. बटण दाबू नका, झाकण मिटू नका. अर्धा-पाऊण तास हात बांधून बसा. मग परत ती यादी उघडा आणि बायोसची तारीख बघा. बदलली असेल तर काम झालं.

मॅक किंवा आयफोन असेल तर यातलं पुष्कळसं ओझं नाही. त्यांचं फर्मवेअर त्यांच्या नेहमीच्या अपडेटबरोबरच येतं. अँड्रॉइड फोनचंही तसंच. फक्त चार्जर लावायचा आणि धीर धरायचा. फोन इतका जुना झाला असेल की त्याला अपडेट येणंच थांबलं आहे, तर त्यावरून बँकेचं काम न केलेलं बरं. विंडोज १० वाल्यांनीही लक्ष द्यावं. त्याची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलेलं नाही त्यांना आता सुरक्षेची दुरुस्ती मिळत नाही.

दोन शंका

पुष्कळ जण विचारतात, “अपडेटने मशीन हळू होतं म्हणतात, ते खरं का?” थोडं खरं आहे. पोऱ्याला सांगितलं की न विचारता चहा आणू नकोस, तर चहा यायला जरा वेळ लागणारच. जुन्या मशीनवर ते जाणवू शकतं. पण पत्र लिहिणं, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, बातम्या वाचणं यात बहुतेकांना फरक कळणार नाही.

दुसरी शंका, “अपडेटच बिघडलेलं असलं तर?” तेही घडलेलं आहे. स्पेक्टरचं पहिलं शुद्धिपत्र आल्यावर काही कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होऊ लागले, आणि २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेलनेच सांगितलं की तूर्त हे लावू नका. मागाहून सुधारलेलं आलं. म्हणून माझी पद्धत अशी, बायोस नवा निघाला की दोन-तीन आठवडे थांबायचं. घरच्या वापराला एवढी वाट चालते. विंडोजच्या महिन्याच्या अपडेटला मात्र थांबत नाही.

आणि एक गोष्ट लिहून भिंतीवर लावा. प्रोसेसरमध्ये दोष आहे म्हणून कुठलीही कंपनी आपल्याला घरी फोन करत नाही. इंटेल नाही, मायक्रोसॉफ्ट नाही, कुपात होलिम तर नाहीच. हिब्रूत बोलो, इंग्रजीत बोलो, नाहीतर गोड हिंदीत, “तुमच्या मशीनची चिप धोक्यात आहे, मी सांगतो ते दाबा” असं जो म्हणेल तो चोर. फोन ठेवा. वाईटपणा येत नाही. ते ४८ आकडे तर कोणालाही फोनवर सांगू नका.

आता आक्काचं. तिचं खातं नातवाने उघडलं होतं, त्याच्याच फोनच्या नंबरावर. तो लष्करात, आणि त्या आठवड्यात त्याचा फोन बंद. गुरुवारची रात्र, शुक्रवार, शब्बाथ. मी तिला एवढंच सांगितलं की मशीन बंद ठेव, आणि कोणी दुकानदार म्हणाला सगळं पुसून नवं करून देतो तर हो म्हणू नकोस. कारण कुलूप लागलेल्या डिस्कमधलं सगळं जागच्या जागी असतं, पण पुसलं की किल्ली सापडूनही उपयोग नाही. रविवारी सकाळी नातवाचा फोन लागला. त्याने खात्यातून आकडे वाचले, आक्काने एक एक करून टाइप केले. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा मशीन उघडलं.

तिने मला फोन केला तेव्हा काही बोलली नाही. नुसता फोन लॅपटॉपजवळ धरला. आई बोलत होती. रेवदंड्याच्या घरच्या विहिरीबद्दल काहीतरी सांगत होती.

पुढच्या आठवड्यात मी बसने दिमोनाला गेलो. आईचा आवाज दोन डिस्कवर उतरवला, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. ४८ आकडे कागदावर लिहून तिच्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवले. तिचा बायोस मात्र नवाच झाला होता, आणि मशीन उत्तम चालतं. म्हणजे इदकूनने काही वाईट केलं नव्हतं. आमची तयारी नव्हती.

तुम्ही हा लेख वाचून आजच बायोस बदलू नका. आज फक्त ते ४८ आकडे शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. बाकीचं रविवारी.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.